शकूरभाईची लाजरी गाडी

शकूरभाईची पिकअप घाट चढायची ती पाठमोरी. नुसती पाठमोरी नाही, तर मागे ट्रॉलीवर जोडलेली लोखंडी नाव पुढे ढकलत. पुसदचा घाट उतरणाऱ्या ट्रकवाल्याला वळणावर आधी नावेचं टोक दिसायचं, मग अख्खी नाव, आणि सगळ्यात शेवटी खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघणारा, पान चघळणारा शकूरभाई. काही ट्रकवाले गाडी बाजूला घेऊन गुपचूप उभे राहायचे. आपण रात्री जास्त घेतली की काय, असा हिशेब करत असावेत.

"गाडी लाजते," शकूरभाई सांगायचा. "घाटाले तोंड दाखवत नाही. म्हणून पाठ करून चढते."

खरं कारण एवढंच, की इंजिन थकलं होतं. पुढच्या कुठल्याच गिअरला तो खडा चढ झेपत नव्हता. रिव्हर्समध्ये तेवढा जोर उरला होता. पण त्याच्यापुढे हे बोलायची सोय नव्हती. गाडीला म्हातारी म्हटलं की त्यालाच म्हटल्यासारखं लागायचं.

आर्णीला माझं टायरचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्याचं घर. कपाशीचे ते वाईट दिवस होते. भाव पडले, जिनिंग बंद पडली. जिनिंगची सरकी वाहणारी त्याची पिकअपही दारात उभी राहिली. अशा वेळी शहाणा माणूस गाडी विकतो. यानं सरकारी लिलावातून नाव आणली. उन्हाळ्यात आमच्याकडे घागर बुडेल एवढं पाणी नसतं, आणि याच्या दारात नाव!

"धरणावर लोकं फिराले येतीन," तो म्हणाला. "नवरा-नवरी येतीन. पाहजा तुमी."

पेंटरकडून त्यानं नावेवर ठळक लिहून घेतलं: 'नौकाविहार. लहान मुलांना अर्धे तिकीट.' कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. त्या वर्षांत माणूस घराबाहेर पडायचा तो दवाखान्यासाठी, नाहीतर कोणाच्या मयतीसाठी. शेवटी नावेला काम मिळालं ते बुडालेल्यांना काढायचं. जिल्ह्यात कुठल्या तलावात, कुठल्या धरणात कोणी गेलं, की निरोप शकूरभाईला यायचा. तो जेवत असला तर ताटावरून उठायचा.

नाव रस्त्यानं निघाली की बाया लेकरांना घरात ओढायच्या. म्हणून मग तो तिच्यावर ताडपत्री टाकू लागला. झालं, आगीतून फुफाट्यात! कापूस चोरून राज्याच्या सीमेपलीकडे नेणाऱ्यांसाठी तेव्हा नाके लावलेले असायचे. एका शिपायानं मोठ्या आवेशात ताडपत्री उचलली आणि अर्ध्या तिकिटाची पाटी वाचत उभा राहिला.

"साहेब," शकूरभाई म्हणाला, "कापूस असता तं मी नाव कायले ओढली असती?"

जिवंत माणसांशी त्याचं बोलणं इतपतच. त्याची बायको जुबेदाभाभी गेल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं, मूलबाळ नव्हतं. पण पाण्यातून काढलेल्या माणसाशी तो रस्ताभर बोलायचा. "आरामात, बाप्पा. खड्डा हाय समोर." मी त्याला म्हणायचो, अरे, त्याला आता कसला खड्डा! तो म्हणायचा, "तुमी टायर पाहा."

एका हिवाळ्यात जवळच्या खेड्यातले सखारामकाका दोन भाऊबंदांसोबत सकाळीच त्याच्या दारात आले. त्यांचा विलास जिनिंगवर कामाला होता. ती बंद पडल्यावर घाटापलीकडच्या धरणावर मासे धरायला जाऊ लागला होता. आदल्या दिवशी तो पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही.

"त्याची माय दारात बसून हाय," काका म्हणाले. "कोणाचं आयकत नाही. म्हणते, डोळ्यानं पाहीन तवाच मानीन."

आम्ही निघालो. ट्रॉलीच्या टायरांसाठी आणि घाटात चाकांना दगड लावायला मी सोबत असायचोच. दुपारपर्यंत विलास सापडला. पंचनामा झाला, दवाखान्यातलं सगळं झालं. तिथले लोक म्हणाले, इथेच उरका, एवढ्या दूर कुठे नेता? काकांनी फक्त शकूरभाईकडे पाहिलं.

"घरी नेऊ," शकूरभाई म्हणाला.

विलासला नावेतच निजवलं. काका त्याच्या उशाशी बसले. अर्ध्या घाटात, खडा चढ सुरू होण्याआधी, शकूरभाईनं नेहमीच्या सपाट जागेवर गाडी थांबवली आणि फिरवून घेतली. नाव पुढे, गाडी मागे. तशी काका नावेतून खाली उतरले. रस्त्याच्या कडेला वाकून त्यांनी एक दगड उचलला.

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. आमच्याकडे मसणवाटेच्या अर्ध्या वाटेत तिरडी खाली ठेवतात. पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात, तिथे दगड ठेवतात. त्याला विसावा म्हणतात. विसाव्यानंतर माणूस घरचा राहत नाही. अर्ध्या वाटेत थांबून नावेचं पुढचं मागं झालेलं काकांनी पाहिलं होतं.

"इथंच का विसावा?" ते म्हणाले. "असू द्या. खांदेकरी बदला मंग."

शकूरभाई गाडीतून जवळजवळ उडी मारूनच उतरला. "नाही काका, नाही! ठेवू नका तो दगड. हा विसावा नव्हे. पोरगं घरी चाललं अजून. मायनं पाह्यलं नाही त्याले."

त्यानं काकांच्या हातातून दगड घेतला, त्यांना पुन्हा नावेत बसवलं आणि गाडी परत सरळ केली.

"शकूरभाई, इंजिन जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या."

त्या दिवशी पिकअप घाट सरळ चढली. चढली म्हणजे काय, हातभर सरकायची, थांबायची, आम्ही चाकामागे दगड लावायचो, पुन्हा हातभर. दोघे भाऊबंद नावेला खांदा लावून रेटत होते. क्लच जळल्याचा वास नाकात बसला होता. शकूरभाई या वेळी कोणाशीच बोलत नव्हता.

दिवस बुडता बुडता आम्ही विलासच्या दारात पोचलो आणि तिथेच गाडी बंद पडली, ती कायमची. माय उठली, तिनं पोराच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि इतका वेळ कोरडी बसलेली ती बाई मोठ्यानं रडली. मलाही आवरलं नाही.

सकाळी तिरडी निघाली. शकूरभाई सगळ्यांच्या मागे चालत होता. विसाव्याच्या जागी काकांनी गर्दीत त्याला शोधलं. "शकूरभाऊ, पुढं या," ते म्हणाले आणि पुढचा खांदा त्याला दिला.

आम्ही एसटीनं परतलो. तो घरात गेला नाही, माझ्या दुकानात टायरवर बसून राहिला.

"देवरावभाऊ, जुबेदा गेली तवा गल्लीतले सारे कामाले बाहेर गेलते," तो म्हणाला. "खांद्याले चार माणसं पुरी कराले मी दारोदार फिरलो. माह्या टायमाले कोण फिरन?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? तुमचा एक खांदा वर, एक खाली. पाडसान मले."

मी हसलो. तो हसला नाही. रस्त्याकडे पाहत हळूच म्हणाला, "पण येजा."