नानांची काकवी, माझी पाटी

आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. सांगलीच्या विश्रामबागेत एका ठिकाणी बिअर तिथल्या तिथं तयार करतात. तिथल्या पाटीवर खडूनं एका बिअरचं नाव ‘प्रोफेसरांची काकवी’ असं लिहिलंय. तो प्रोफेसर मी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्या बिअरमध्ये माझं काहीही नाही. जे आहे ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या नानांचं आहे.

नाना बिअर लगेच पीत नाहीत. आधी ग्लासात बोट बुडवतात, तो थेंब अंगठ्यानं चोळतात आणि उजेडाकडे धरून बोटं हळूच फाकवतात. तार येते का बघतात. बिअरला कसली तार येणार? पण चाळीस वर्षं वाळव्याकडच्या गुऱ्हाळांवर ज्यानं काहिलीतला उकळता रस बघून ‘उतरवा आता’ असा हुकूम सोडला, त्या गुळव्याची बोटं दुसरं काय करणार? गुऱ्हाळं एकेक करून बंद पडली, नानी गेल्या आणि नाना लेकाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले.

एका दुपारी मी कुणाला न सांगता बिअर प्यायला निघालो होतो. फाटकात नाना.

“मास्तर, कुनीकडं निघालासा?”

मला खोटं पटकन सुचत नाही. म्हणालो, “जरा अभ्यासाला.”

“मग मी बी येतो. लय दिस झालं शिकून.”

दोघं पोचलो. आत काचेमागे तांब्याचे मोठाले हंडे होते. नाना काचेला नाक लावून उभे. “आरं तिच्या! काहिलीला झाकान लावलंय की!” वेटरनं फळीवर चार छोटे ग्लास आणून ठेवले, तर म्हणाले, “दवाखान्यातली औशदं दिल्यागत देतोस व्हय रं?” मग खिशातून शेंगदाणे काढले. बाहेरचं खाणं आत चालत नाही, असं वेटर म्हणाला. नानांनी त्याच्या हातावर मूठभर दाणे ठेवले. “मग तू वाढ आमास्नी. म्हंजी आतलंच झालं.”

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी आमची फेरी सुरू झाली. आसपासच्या तीन जागा, प्रत्येक ठिकाणी एकच छोटा ग्लास, आणि पायी चालणं. दोन जागांचा निकाल कायम एकच: “रस बरा हाय, पन गुळव्या कच्चा.” तिसरी जागा मंजिरीची. परदेशात शिकून आलेली सांगलीची पोरगी, स्वतः हंड्यापाशी उभी असायची. तिच्याकडे नाना निकाल देत नसत, नुसते काचेतून बघत बसत.

मंजिरीला गुळाची बिअर करायची होती, आणि दर खेपेला ती बिघडत होती. कधी खारट, कधी करपट. एका गुरुवारी परत येताना नाना म्हणाले, “गूळ कशाला घालतीया ती? गूळ म्हंजी झाल्यालं काम. त्याच्या आदीची पातळ काकवी घाल म्हनावं, आन ती बी खालची आच वढल्यावर.”

“मग तिला सांगा की, नाना.”

नाना रस्त्यातच थांबले. “आवं, दुसऱ्याच्या काहिलीवर बिनबोलावता त्वांड घालायचं नसतंय. बोलावनं आलं तर जायचं.”

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो आणि मंजिरीला काकवीचं सगळं सांगितलं. ती बघतच राहिली. “सर, हे तुम्हाला कसं कळलं?”

‘नानांना कळलं,’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी म्हणालो, “रसायनशास्त्र.”

“आणि तुमच्यासोबत येतात ते आजोबा?”

“ते काय, दाणे खायला येतात.”

हे वाक्य मी हसत म्हणालो होतो.

मंजिरी म्हणाली, “बुधवारी नव्या बिअरची उकळी आहे. ज्याला हे कळतं असा माणूस शेजारी हवा. तुम्ही या.” मी हो म्हणालो. संध्याकाळी नानांना म्हणालो, काकवीचं मंजिरीच्या कानावर घातलंय. त्यांनी विचारलं, “काय म्हनली?” “आवडलं तिला.” “कवा हाय उकळी?” “बुधवारी.” नानांनी मान डोलावली.

बुधवारी मी हंड्यापुढं उभा राहिलो, न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न आलेल्या पोरासारखा. मंजिरी म्हणाली, “सर, आता घालू?” “फोन आलाय,” म्हणून मी मागच्या पार्किंगमध्ये पळालो आणि नानांना फोन लावला.

“नाना, सहज विचारतो. काकवी घालायच्या वेळी फेस कसा दिसतो?”

नानांनी उलट विचारलं, “बुडबुडं मोठं आन आळशी झालं का?”

“बघून सांगतो.” हे तोंडातून निघून गेलं.

“बघा. पळा.”

मी तीनदा आत-बाहेर केलं. मंजिरीनं काळजीनं विचारलं, “सर, घरी काही अडचण आहे का?” मी म्हणालो, “थोरल्यांची तब्येत.” तिसऱ्या खेपेला नाना म्हणाले, “आता वढा आच. घालताना घाई करू नगासा. वास कसा येतोय?”

“गोड. जरासा भाजल्यासारखा.”

“हां,” नाना म्हणाले. त्यांनी बराच वेळ फोन ठेवला नाही.

बिअर झकास झाली. पाटी लागली. पुढच्या एका गुरुवारी नानांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली. “प्रोफेसर म्हंजी तुमीच की ओ!” मी ग्लासात बघत राहिलो. नानांनी थेंब चोळला, घोट घेतला, आणि आजवर कधी नव्हे ते दुसरा ग्लास मागवला. म्हणाले, “आच येळेवर वढली.” वाटेत उसाच्या जुन्या जातींवर बोलत आले. मला वाटलं, यांच्या काही लक्षात आलेलं नाही. सुटलो.

चार दिवसांनी जिन्यात त्यांची सून भेटली. “सर, त्या बुधवारी तुम्ही मामंजींना कुठं नेणार होता का?”

“का हो?”

“सकाळीच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून बसले होते. जेवायला चला म्हटलं तर म्हणाले, बोलावणं येईल, पोट हलकं बरं. तुमचा फोन आला की उठून उभे राहून बोलायचे. ठेवला की परत पायात वहाणा घालून खुर्चीत. पाच वाजता आपणच फेटा सोडला.”

“काही म्हणाले?”

“म्हणाले, काम चांगलं झालं.”

म्हणजे पहिल्याच फोनला त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी मला एकही चुकीचं उत्तर दिलं नाही, आणि आपणहून ‘येऊ का’ असंही विचारलं नाही.

गुरुवारची फेरी अजून चालू आहे. नाना अजून वेटरला दाणे वाटतात. मंजिरी काकवीची पुढची उकळी लावणार आहे आणि तिनं पुन्हा मलाच बोलावलंय. तिला नानांसमोर खरं काय ते सांगायचं, पाटीवरचं माझं नाव पुसायला लावायचं आणि त्यांचं बोलावणं त्यांना द्यायचं, एवढं देणं माझ्याकडे आहे. अजून दिलेलं नाही.