अतिप्रसंगाचा मूळ अर्थ

“मराठी बोलणारे अमरावतीत लाखभर असतील, कळणारा मी एकटा!” कमलाकांत वकील आरशात बघून म्हणाले, आणि शैलाताई साडीला पिन लावता लावता त्यांच्याकडे वळल्या. आज मुलाचा, शुभंकरचा साखरपुडा, शेंदूरजनाघाटला. वर्षभर नाक मुरडून वकीलसाहेब संत्रा बागायतदाराच्या गीतांजलीला ‘हो’ म्हणाले होते.

“तिथं भाषण करू नका.”

“भाषण नाही गं, आभार! मोजक्या, मुळातून निवडलेल्या शब्दांत.”

नवऱ्याचे संस्कृत शब्द शैलाताई ओळखून होत्या. सैल कवळीसारखे! दिसायला शुभ्र, पण शिंक आली की समोरच्याच्या ताटात.

शेंदूरजन्यात आदरातिथ्य दणक्यात झालं. विहीणबाई सत्यभामाबाई “घ्या नं साहेब, एकच!” म्हणत पुरणपोळ्या वाढत राहिल्या. वकीलसाहेब ताटावर हात आडवा धरत. पोळी हाताखालून येई.

जेवण आटोपलं आणि त्यांनी माइक धरला.

“सत्यभामाबाईंनी आज माझ्यावर अतिप्रसंग केला!”

मांडवातल्या सगळ्या माना सत्यभामाबाईंकडे वळल्या.

“मी नको नको म्हणत होतो, त्या ऐकेनात! आणि खरं सांगतो, शेवटी मलाही गोडी लागली!”

व्याही सहदेवराव ताडकन उठले. “काय बोलून राहिले हे?”

“आवो, मी फकत पोळी वाढली!” सत्यभामाबाई कडाडल्या. “भरल्या मांडवात माह्यावर आळ घेता? लाज नाही वाटत?”

“गैरसमज होतोय!” वकीलसाहेब दिलदारपणे हसले. “पेपरवाल्यांनी शब्द नासवलाय. मूळ अर्थ बघा. अति म्हणजे फार. प्रसंग म्हणजे संग, जवळीक. म्हणजे आमची फार जवळीक...”

“माइक हिसका रे त्याचा!” सहदेवराव ओरडले.

गीतांजली रडायला लागली. शुभंकरच्या हातातली अंगठी गळून खुर्चीखाली गेली. कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपत होतं. आणि हा गृहस्थ अजून समासच सोडवत होता!

शैलाताईंनी माइक ओढून घेतला. “पोळ्या जास्त झाल्या, एवढंच म्हणायचंय यांना. यांची मराठी फार मोठी आहे, माणसांच्या कामाची नाही. मी माफी मागते.”

सत्यभामाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “बाई, तुमी कशा निभावून राहिल्या यायच्यासंगं?”

“घरी माइक नाही.”

सत्यभामाबाई फसकन हसल्या, मग मांडव हसला. अंगठी खुर्चीखालून काढली, गीतांजलीनं डोळे पुसून बोट पुढे केलं.

सहदेवराव मात्र हसले नाहीत. “लगन होईन. पन वकीलसाहेबाच्या पंगतीत वाढाले बाई जानार नाही. गडीमानसं जातीन!”

लग्नात तसंच झालं. बागेतले दोन मिशाळ गडी वाढायला. वकीलसाहेब सवयीनं एकदाच “नको” म्हणाले. गडी पुढे गेला तो गेलाच.

अमरावतीला परतल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले.

“शैला, जरा खिचडी टाकतेस?”