निघा म्हणायचं कोणी?

होणारे व्याही-विहीणबाई जेवायला आले ते दुपारी. ऊन खिडकीतून निघून गेलं तरी ते काही उठेनात. टेलरमास्तरांचे गाल हसून हसून दुखायला लागले. मुलीने स्वतः जमवलेली सोयरीक, त्यात पाहुणे मूळचे दूरच्या मुलखातले. एखादा शब्द वावगा गेला आणि लग्न मोडलं, तर लेक जन्मभर तोंड पाहणार नाही, हे ते ओळखून होते.

मास्तरांच्या घरी पाहुण्यांना उठवायची एक सभ्य रीत होती: "आणखी थोडा चहा?" असं विचारायचं. शहाणा पाहुणा लगेच चपला शोधतो. हे दोघं मात्र दर वेळी एकमेकांकडे बघत आणि खाली मानेने म्हणत, "तुम्ही म्हणताय तर घेऊ."

"दूध संपलं," स्वयंपाकघरात बायको दातओठ खात म्हणाली. "मुक्कामाला आलेत का हो हे?"

"मला काय विचारतेस? लेकीला विचार."

"बाबा, तुम्ही फक्त काही बोलू नका," लेक कुजबुजली.

मास्तर बोलले नाहीत. त्यांनी सतरंजीची घडी घालायला घेतली. व्याह्यांनी लगबगीने दुसरं टोक धरलं. शेवटी बायकोने नाइलाजाने रात्रीचा भात टाकला. ते पाहून विहीणबाईंचे डोळे भरून आले.

"किती करता हो आमच्यासाठी!" त्या म्हणाल्या. आवाज मात्र रडवेला होता.

मास्तरांची मान खुर्चीतच कलली. आणि दुकानात रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकांना रोज सांगायचे तसं ते झोपेत खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, निघा आता! शटर ओढायचंय!"

बायकोच्या हातातली पळी पडली. लेक पांढरीफटक झाली. पाहुणे ताडकन उठले.

मास्तर दचकून जागे झाले, तर व्याह्यांनी त्यांचे दोन्ही हात धरलेले. "देव तुमचं भलं करो! आमच्याकडे यजमान 'निघा' म्हणेपर्यंत पाहुण्याने उठायचं नसतं. उठला तर सोयरीक मोडली म्हणून समजायचं. पाठीचा पार खुळखुळा झाला हो!"

"आणि मला चहा सोसत नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"अहो, मग घेतलात कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही आग्रह करत होतात ना!"

"तो आग्रह नव्हता हो! आमच्याकडे 'निघा' म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, म्हणून चहा विचारतात."

सगळे इतके हसले की लग्नाची तारीख दारातच ठरली.

पुढच्या रविवारी मास्तर सहकुटुंब व्याह्यांकडे जेवायला गेले. जाताना बायकोला बजावलं, "ते 'निघा' म्हणेपर्यंत हलायचं नाही. त्यांची रीत आपण पाळायची." जेवणं झाली, गप्पा संपल्या, ऊन कललं. तेवढ्यात आतून विहीणबाईंची दबकी ताकीद मास्तरांच्या कानावर आली, "खबरदार 'निघा' म्हणालात तर! त्यांच्याकडे अपमान समजतात."

मास्तरांनी खुर्चीशेजारी दारात काढलेल्या आपल्या चपलांकडे पाहिलं.

व्याही बाहेर आले, समोर बसले. थोडा वेळ दोघंही छताकडे बघत राहिले. मग व्याह्यांनी मास्तरांकडे पाहून हळूच डोळा मारला, खुर्चीत मान टाकली आणि मोठमोठ्याने घोरायला लागले.

मास्तरांनी पायानेच चपला जवळ ओढल्या.