अण्णांचं गुणगुणतं पेंडंट

चांदीचा कुठलाही दागिना हातात आला की दिनकरअण्णा तो आधी डोळ्याला लावतात. भक्तिभावाने नव्हे. डावा डोळा मिटायचा आणि दागिन्याची कड पापणीवरून अलगद फिरवायची, ही त्यांची तपासणी. पंचेचाळीस वर्षं कानस चालवून त्यांच्या बोटांची कातडी चपलेच्या तळासारखी झालेली आहे. "बोटं मेली मास्तर. पापणी तेवढी जिती हाय," असं ते मला सांगतात.

माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला त्यांना बोलावलं होतं. ताटातली अंगठी त्यांनी सहज उचलली, डोळा मिटला, आणि सगळ्यांच्या देखत होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं, "आतनं बोचतीया. धा मिनिटं थांबा, घासून आणतो." कुणी काही बोलायच्या आत ते स्कूटरवरून निघाले. दहा मिनिटांची चाळीस झाली, मुहूर्त टळला, गुरुजी मोबाईल बघत बसले. विहीणबाई अजून आमच्याशी तुटक बोलतात. पुतणी म्हणते, अंगठी मात्र कधी बोचली नाही.

अण्णा मूळचे हुपरीचे. तिथे घराघरात चांदीचं काम चालतं, तसं त्यांच्याही घरात चालायचं. त्यांचे पैंजण पार गुजरातपर्यंत जायचे. मुलगी बेळगावात दिली आणि अण्णा नि त्यांची बायको ताराबाई कोल्हापुरात आमच्या शेजारी राहायला आले. वर घर, खाली कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, पॉलिशच्या तीन मोटारी आणि झाळकाम, म्हणजे चांदीचे सांधे जोडायचं काम करणाऱ्या शबानाभाभी. चार वर्षांपूर्वी ताराबाई आठ दिवसांच्या दुखण्यात गेल्या. तेव्हापासून अण्णा कारखान्यातच जास्त असतात. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे मीही सकाळचा चहा तिथेच घेतो.

एका सकाळी पुण्याहून एक मुलगी आली. ऋतुजा तिचं नाव. कुठल्याशा नव्या कंपनीत डिझाइनचं काम करायची. तिने पर्समधून एक लांबट पेंडंट काढलं. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळीसारखा आकार, वर साखळीची कडी.

"अण्णा, हे आमचं वेलनेस प्रॉडक्ट आहे. याचं कवच चांदीचं करून हवंय."

"वेलनेस म्हंजे?"

"म्हणजे पर्सनल वेलनेस."

"पर्सनल म्हंजे?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं. शबानाभाभींनी गॅसची ज्योत बारीक केली, ऐकायला नीट यावं म्हणून.

ऋतुजाने मग धीर केला. गळ्यात घालायचा दागिना आहे, पण आत छोटी मोटर आहे. बटण दाबलं की थरथरते. बाईने एकांतात स्वतःच्या शरीरसुखासाठी वापरायची वस्तू आहे. कपाटात लपवून ठेवायला लागू नये, लाज वाटू नये, म्हणून दागिना. सगळं एका दमात सांगून ती पाणी प्यायली.

मला वाटलं, अण्णा आता उठून बाहेर जातील. अण्णांनी डोळा मिटला आणि ते नमुन्याचं पेंडंट पापणीवरून फिरवलं.

"पोरी, ही बाईच्या नाजूक अंगाला लावायची वस्तू हाय न्हवं?"

"हो."

"मग ह्याला ही कड कशापायी? कुणी केलंय हे? त्याला बायको न्हाय का?"

ऋतुजा हसली ती हसतच सुटली. काम अण्णांना मिळालं.

पुढचे दोन महिने त्यांनी त्या कळीसाठी जे केलं ते पैंजणांसाठीही केलं नव्हतं. जोड कुठे येतो, सांधा कसा बुजवायचा, पाणी आत जाणार नाही असं झाकण कसं बसवायचं, याच्यावर ते आणि शबानाभाभी भांडायचे. अण्णा म्हणायचे गोल पाहिजे. भाभी म्हणायच्या, "गोल नको अण्णा, जरा निमुळतं. मी सांगते ते ऐका, तुम्हाला नाही कळायचं." अण्णा गप्प बसून निमुळतं करायचे. शेवटचा हात दगडाच्या ओपणीनेच, म्हणजे चकाकी आणायच्या गुळगुळीत दगडानेच मारायचा, मशीनवर नाही, असा त्यांचा हट्ट. "मशीनचं पॉलिश बगायला बरं. अंगाला लागायचं त्ये हातानंच गुळगुळीत व्हाया पायजे."

साखळी गळ्याला जड होते का, हे बघायला पहिला तयार नग त्यांनी स्वतःच्याच गळ्यात घातला. आठ दिवस घालून हिंडले. घातलेलं नेहमी सदऱ्याच्या आत. इथपर्यंत ठीक होतं. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दूध डेअरीच्या रांगेत उभे होतो. अण्णांनी पिशवी खांद्यावर टाकली, तिचा धक्का बसला आणि बटण दाबलं गेलं.

गुर्र, गुर्र.

रांगेतल्या सहा जणांनी एकदम खिसे चाचपले. कुणाचाच फोन वाजत नव्हता. आवाज अण्णांच्या छातीतून येत होता. मागच्या निवृत्त कंडक्टरांनी घाबरून विचारलं, "अण्णा, मशीन बसवलंय व्हय काळजाला?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. अण्णांनी पेंडंट बाहेर काढलं, बटण बंद केलं आणि नेहमीच्या, म्हणजे कारखान्यातल्या तीन मोटारींवरून ऐकू जाणाऱ्या आवाजात सांगितलं, "न्हाय पावणं. हे बायकांच्या सुखाचं हाय. एकटीनं वापरायचं. साखळीचं वजन बगाय घातलंय."

दूध मोजणाऱ्याचं माप हातातच राहिलं. मी रांग सोडून, दूध न घेता घरी आलो. माझी बायको विमल म्हणाली, "डेअरी बंद होती का?" मी हो म्हणालो.

दुपारपर्यंत कॉलनीभर झालं. संध्याकाळी कॉलनीचे सेक्रेटरी पाटीलसाहेब दोघांना बरोबर घेऊन कारखान्यात आले.

"अण्णा, हे बरं दिसत नाही. कॉलनीत लेडीज राहतात."

"त्यांच्यासाठीच हाय की," अण्णा म्हणाले.

"तसं नाही. लोक काय म्हणतील? इथे फॅमिलीवाले लोक आहेत."

"फॅमिलीत बाई असती का न्हाय? बसा. चा घ्या." आणि अण्णांनी पाटीलसाहेबांच्या हातात एक कळी ठेवली. "फिनिशिंग बगा. पापणीवरनं फिरवा."

पाटीलसाहेबांनी ती विंचू धरावा तशी धरली आणि खाली ठेवली. रविवारी मीटिंग ठेवू, तिथे निर्णय होईल, असं सांगून ते गेले. मला खरंच काळजी वाटली. जागा अण्णांची होती, पण कॉलनीने ठरवलं असतं तर कारखाना बंद पाडणं अवघड नव्हतं. मोटारींचा आवाज होतो ही तक्रार जुनीच होती.

मीटिंगला पुरुष अकरा आणि बायका तीस आल्या. एरवी पाण्याच्या टाकीच्या विषयाला तीनसुद्धा येत नाहीत. पाटीलसाहेबांनी 'सदर आक्षेपार्ह वस्तू' असं सुरू केलं, तेवढ्यात त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आई पुढच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "वस्तू कुठं हाय? दावा की. न बगता कसं ठरवायचं?"

अण्णांनी रुमालातून कळी काढली. ती तीस हातांतून फिरली. कुणी मोटर सुरू केली नाही. पण हातात धरून बायका तिचं वजन बघत होत्या, अंगठ्याने चोळत होत्या. पाटलांच्या आईंनी शेवटी ती परत दिली आणि म्हणाल्या, "आमच्या येळला असलं काय न्हवतं. आमच्या येळला इचारायचीच पद्धत न्हवती." जरा थांबून मुलाकडे वळल्या, "घरी चल. आमटी निवली आसंल."

मीटिंग संपली. निर्णय कुणी लिहिला नाही.

त्यानंतर माझ्यावर संकट आलं. कंपनीने दागिन्यासोबत द्यायची इंग्रजी माहितीपुस्तिका पाठवली आणि ती मराठीत करून मागितली. अण्णांनी परस्पर कळवलं की आमचे मास्तर करतील. मी तीस वर्षं व्याकरण शिकवलेलं. आठ पानं मी चार दिवसांत लिहून काढली आणि कारखान्यात वाचून दाखवली. "सदर कंपनयंत्र कामोद्दीपनार्थ मर्मस्थानी अलगद स्पर्शवावे."

अण्णा म्हणाले, "मास्तर, ह्यात बाई कुठं हाय?"

"म्हणजे?"

"हे वाचून वाटतंय बोअरला पंप बशिवतोय. एखादी बाई आपल्या बहिणीला सांगंल तसं लिवा की."

मी तसं लिहायला बसलो आणि अडलो. माझ्याकडे दोनच तऱ्हेचे शब्द होते. काही संस्कृत, काही शिव्यांतले. मधले शब्द असतील तर ते मला कुणी शिकवले नव्हते. अण्णांनाही येत नव्हते. आम्ही दोघं म्हातारे कारखान्यात बसून एकमेकांना विचारत होतो, की बाईला सुख होतं म्हणजे नेमकं काय होतं, आणि तिने सांगितलं तर कुठल्या शब्दांत सांगेल. शबानाभाभी तेवढ्यापुरत्या बाहेर जाऊन बसल्या होत्या.

शेवटी अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमचा संसार किती वर्षांचा?"

"अडतीस."

"माझा एक्केचाळीस. दोघांचा मिळून एकुणऐंशी वर्षांचा संसार, आणि दोघांस्नी बी म्हाईत न्हाय."

मी कागद घरी आणले आणि टेबलावर ठेवून फिरायला गेलो. परत आलो तेव्हा विमल माझ्या पेपर तपासायच्या लाल पेनाने ते तपासत होती. कंपनयंत्र खोडलं होतं, कामोद्दीपनार्थ खोडलं होतं. जागोजागी साधी वाक्यं लिहिली होती. 'आधी हाताच्या तळव्यात धरून ऊब येऊ द्या. चांदी गार असते.' 'काही झालं नाही तरी काही बिघडलं नाही.' आणि सगळ्यात वर, जिथे इंग्रजीत दोन तास चार्ज करा असं होतं तिथे, तिने पहिलं वाक्य घातलं होतं: 'घाई करू नये.'

मी ते वाचलं. वाचून झाल्यावर तिच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही. ती म्हणाली, "अण्णांना दाखवायला मीच येते."

कारखान्यात विमलने सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पहिलं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. तिने वाचलं.

"वैनी," ते म्हणाले. आवाज इतका लहान की मला वाटलं दुसरं कुणी बोललं. "तुमी नि तारा रोज जिन्यात बसायचा. ती कदी काय बोलली का? माझ्याबद्दल. म्हंजे तिला काय आवडायचं, असलं काय?"

विमलने कागद घडी करून मांडीवर ठेवले.

"एकदा बोलली होती. हुपरीला असताना लोडशेडिंग व्हायचं ना दुपारचं. मोटारी बंद पडायच्या. तेव्हा तुम्ही उंबऱ्यात बसून तिच्या केसांतला गुंता काढून द्यायचात म्हणे."

अण्णा आठवायला लागले. आठवलं नसावं, किंवा फार उशिरा आठवलं असावं.

"वीस-पंचवीस मिनिटं," विमल म्हणाली. "तेवढाच वेळ तुम्ही हळू असायचात, म्हणाली. पुढे लोडशेडिंग बंद झालं. सगळ्या गावाला आनंद झाला. तिला वाईट वाटलं होतं."

"मला सांगायचं की."

"तिने?"

"तिनं. नायतर तुमी."

"तुम्ही विचारलं नाही अण्णा."

समोरच्या पाटावर सात-आठ कळ्या ओपायच्या राहिल्या होत्या. अण्णांनी एक उचलली, तशीच हातात धरली आणि परत ठेवली. आम्ही उठलो. घरी येताना मी विमलच्या बाजूने चाललो, एरवी मी दोन पावलं पुढे असतो.

पुस्तिका तशीच छापली गेली. ऋतुजाने कळवलं की पुण्यात ती इंग्रजीपेक्षा जास्त वाचली जाते. अण्णांचं काम जोरात आहे, हाताखाली आणखी दोघी आल्या आहेत. पण अलीकडे रोज दुपारी तीनच्या सुमाराला कारखान्यातल्या मोटारी एकदम थांबतात. शबानाभाभी आणि त्या दोघी मागच्या खोलीत चहा करतात. अण्णा एकटेच बाहेर उंबऱ्यात येऊन बसतात, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. वीस-पंचवीस मिनिटं बसतात. मग आत जाऊन मेन स्विच वर करतात.

येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर सांगतात, "लाईट गेलीया."

आमच्या घरात पंखा चालू असतो. कॉलनीत सगळ्यांच्याच घरात चालू असतो. अजून कुणी त्यांना तसं म्हणालेलं नाही.