एका तारेवरचे दोन पंखे

युद्ध संपल्यावर गुलाबचंदांनी नागपूरच्या लष्करी लिलावातून अमेरिकन टेबलपंखे आणले ते दोन. एकानं भागलं असतं. पण मोठ्या सुनेला काही आणलं की धाकटीलाही तसंच आणायचं, हा त्या घरातला सासूच्या वेळेपासूनचा नेम होता. लोणच्यात मीठ कोणी जास्त टाकलं यावरून दोघी जावा वेगळ्या झाल्या, मध्ये भिंत उभी राहिली, बोलणंही बंद झालं, तरी नेम शाबूत होता. शिवाय धाकट्या सुशिलाबाईंचे दिवस भरत आले होते आणि गोंदियाचा मे महिना पोटुशीचीसुद्धा गय करत नाही.

पंख्यांवर एकशे दहा व्होल्ट लिहिलेलं होतं आणि गावातली वीज होती दोनशे वीसची. गुलाबचंदांचा जन्म तांदळाच्या व्यापारात गेलेला. ते धाकट्या भावाला म्हणाले, "टेकचंद, त्यायनं एकशे दहाचा वारा विकला, आपल्याले दोनशे वीसचा भेटून राहिला. फायदाच आहे ना!"

फायदा सुरू झाला तसा पंखा गरजला आणि थरथरत टेबलाच्या कडेकडे चालू लागला. गुलाबचंदांच्या बायकोच्या, निर्मलाबाईंच्या सुपातले तांदूळ ओसरीभर झाले. मग जळका वास सुटला.

"बंद करा तो मुडदा!" निर्मलाबाई ओरडल्या.

वीजमिस्त्री यादोरावांनी आधी चहा घेतला, मग पंखा हुंगला.

"एकटा लावला तर जळीन. दोन्ही एकाच तारेवर, एकामागं एक जोडा. वीज अर्धी अर्धी वाटून घेतीन. पण एक बंद केला का दुसराबी बंद."

"दुसरा उपाय नाही काय?" गुलाबचंदांनी विचारलं.

"आहे ना. वीज अर्धी करनारी पेटी. कलकत्त्याले भेटते."

भिंतीला भोक पाडून तार पलीकडे गेली. पहिल्याच दुपारी निर्मलाबाईंनी बटण बंद केलं आणि भिंतीपलीकडून सुशिलाबाईंचा आवाज आला.

"भिंतीले सांगा कोणी, का इकडं जीव जाऊन राहिला!"

"भिंतीले सांगा," निर्मलाबाई म्हणाल्या, "का माणसानं सांगतलं असतं तर बंद केला नसता!"

तेव्हापासून भिंतीला उसंत नव्हती. "भिंते, मी मंदिरात जाऊन राहिली, पंखा चालूच ठेवला." "भिंते, आता थोडा वेळ बंद केला तरी चालीन." गुलाबचंदांना हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. याच दोघी कालपरवापर्यंत एका ताटात जेवत होत्या.

सुशिलाबाईंना मुलगी झाली त्याच दिवशी निर्मलाबाईंना हिवताप चढला. दुसऱ्या दिवशी दुपारी गुलाबचंद घरी आले, तर बायको दोन गोधड्या अंगावर ओढून कुडकुडत होती आणि समोर पंखा भणाणत होता. ते बटणाकडे धावले.

"हात लावू नका!" निर्मलाबाईंचे दात वाजत होते. "तिकडं नवी बाळंतीण आहे. गरमीनं लेकरू कावून जाईन."

"अवं, पण तुले थंडी वाजून राहिली ना!"

"वाजू द्या."

तेवढ्यात पलीकडून दाई रुख्माचा वैतागलेला आवाज आला.

"बाई, मी कालपासून सांगून राहिली, बाळंतिणीले वारा लागू नये. कानाले फडकं बांधून, पंख्याचं तोंड कोपऱ्यात फिरवून काऊन बसली? बंद कर ना!"

"नको वो रुख्माबाई," सुशिलाबाईंचा आवाज दमलेला होता. "भाभी तापानं फणफणून राहिल्या. इकडं बंद केला तर त्यायले वारा कोठून येईन?"

निर्मलाबाई गोधड्यांसकट उठल्या, खट्कन बटण बंद केलं आणि भिंतीला डोकं टेकलं.

"सुशिले!" ही हाक भिंतीला नव्हती. "बाळंतीण ना तू? अक्कल कोठं ठेवली? वाऱ्यात बसते!"

पलीकडून रडता रडता हसण्याचा आवाज आला. "भाभी, तुमाले थंडी वाजत होती काय?"

"मंग काय! लेकरू कोणावर गेलं?"

"तुमच्यावर. सारखं ओरडून राहिलं."

निर्मलाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग मीठ नेमकं कोणी टाकलं होतं, इथपासून गप्पा सुरू झाल्या, त्या संपेचनात.

बाहेर कावळेसुद्धा सावलीत चोच उघडून बसले होते. भिंतीच्या अल्याड गुलाबचंद आणि पल्याड टेकचंद घामानं निथळत होते. दोघांच्याही हाताशी बटण होतं, पण ते दाबायची छाती एकालाही झाली नाही.