चार बोटं माया

आमच्या वाशीच्या सेक्टरातले नाना टेलर टाचण्या ओठांत धरून बोलायचे. दुकानातच नाही, लग्नामुंजीतसुद्धा. जेवताना तेवढ्या काढून कॉलरला खोचायचे, पण मग बोलायचेच नाहीत. मी काड्या ओठांत धरून त्यांची नक्कल करायचो. एकदा त्यांनी पाहिलं. म्हणाले, "व्होठ कमी हलव. गिळशील."

मूळचे तळवलीचे. "मानसाला रोग दोनच," म्हणायचे, "उसवनं न आवळनं."

त्यांची बायको, आमच्या काकी, अंगाने दणदणीत. जिन्याच्या वळणावर बसकण मारायच्या, सगळ्यांची चौकशी करून मग वर. दर दिवाळीला नाना त्यांच्या ब्लाउजची शिवण गुपचूप उसवून थोडी माया सोडायचे. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. काकींना वाटायचं, माप तेच आहे.

मग मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरने सांगितलं, काकींच्या वजनाचा हार्टवर लोड येतोय, ते उतरवायला ऑपरेशन करा, तीनपैकी कुठलंही. नानांनी ती ऑपरेशनं मला समजावली, जणू गिऱ्हाइकाला गळ्याचे प्रकार दाखवतायत.

"येक, दात तारेनं बांधाचं. काजच शिवून टाकाचं. नुसती पेज. पन उलटी आली तं गुदमरल. न तार काढली का परत होती तशी. दुसरं, जठराला टीप मारून बारीक खिसा कराचा. टीप उसवली तं आतल्या आत गळंल, मानूस खलास. तिसरं, नाडी नेफ्याच्या अर्ध्यातूनच भायेर काढाची. निम्मं आतडं वगळाचं. काय पन खा, अंगाला लागनार नाय. पन जुलाब. लिवर पन जातं बोलतान."

"मग कुठलं?"

"मी बोललो, कुठलंच नको. पन तिला दम लागतो, न सुकट सुटत नाय. तिनी नाडी निवडली."

ऑपरेशन यशस्वी झालं. खुद्द डॉक्टरच म्हणाले, म्हणजे झालंच असणार. बघता बघता काकी निम्म्या झाल्या. बायका म्हणायच्या, "काकी, एकदम हिरोईन." काकी हसायच्या आणि बोलणं अर्धं टाकून संडासाकडे पळायच्या. पुढे पळणंही जमेना, नाना धरून न्यायचे. सुकट ताटात तशीच राहायची. आतडं परत जोडता येतं, पण आता ते सोसायची ताकद नाही, असं त्याच डॉक्टरने सांगितलं. फी घेऊनच सांगितलं.

एकदा मी शर्ट आणायला गेलो. काकी दुकानातल्या बाकावर भिंतीला टेकून होत्या. नाना त्यांच्या अंगावरचा ब्लाउज टाचून आवळत होते. दोन्ही बाजूंना चार चार बोटं कापड आत दुमडलेलं.

"अवो, कापा ना ती माया," काकी म्हणाल्या. "काखेत रुततंय."

नानांनी कात्री उचलली, परत ठेवली. ओठांतल्या टाचण्या एकेक काढून कॉलरला खोचल्या.

"राहू दे गो," म्हणाले. "लागंल परत."