दैठणकर सरांचा शेरा

पालमच्या स्टँडवर कुणी "गंगाखेडची गाडी आली" म्हणून ओरडलं की सगळे पिशव्या उचलून पळायचे. दैठणकर सर तेवढे बाकावरच. "एकानंच पाहिली ना? दुसरा साक्षीदार कुठाय?" दुसरा सापडेपर्यंत गाडी निघून जायची.

सर आमचे शेजारी. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून रिटायर झालेले. लांब पल्ल्याच्या रेडिओलहरी हा त्यांचा जन्माचा विषय. त्यावरचे लेख छापायच्या आधी तपासायला त्यांच्याकडं यायचे, आणि सर तपासायचे म्हणजे सोलूनच काढायचे. घरातही तेच. बायकोच्या, म्हणजे मालतीकाकूंच्या, वरणाला शेरा मिळायचा, "दुरुस्तीसह मान्य."

"मग तुमीच करा की दुरुस्ती!" काकू मिठाचा डबा पुढं सरकवायच्या. सर गुमान मीठ घालून घ्यायचे. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं, आणि आमचं जेवण हसण्यात जायचं.

काकू गेल्या. त्यानंतर सरांकडं पहिलाच लेख आला, तो एका तरुण संशोधक मुलीचा. शंभरेक वर्षांपूर्वी समुद्रापारहून आलेला पहिला रेडिओसंकेत खरंच ऐकू आला होता का, यावर. मुलीचं म्हणणं, कोणता आवाज यायचाय हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत होतं, म्हणून यंत्राच्या नुसत्या खरखरीतही त्याला तोच ऐकू आला. हा निव्वळ खोटेपणा, असं तिनं लिहिलं होतं.

बरेच दिवस झाले तरी सरांचा शेरा काही लिहून होईना. एका दुपारी मी चहा घेऊन गेलो.

"चूक सापडंना का, सर?"

"चूक न्हाई हो. पोरगी बरोबर हाय. पुरावा लय कच्चा होता."

मग कपाकडं बघत म्हणाले, "मला रोज चारच्या सुमाराला स्वयंपाकघरातून बांगड्या वाजल्यावानी ऐकू यायलंय. तिथं कुणी न्हाई, कळतंय मला. मग मी काय खोटं बोलायलोय का?"

सरांनी लॅपटॉप ओढला, हळूहळू टाईप केलं आणि मला वाचून दाखवलं. "लेख जरूर छापावा. फक्त 'खोटेपणा' हा शब्द काढावा. त्या माणसाला ऐकू आलं होतं."

शेरा पाठवून झाला. चार वाजत आले होते. सरांनी उठून पंखा बंद केला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून बसले.

मी हातातला कप आवाज न करता खाली ठेवला.